न्यूमोनियाचं औषध चालू, तरी श्वास उतरत नाही: मुलात रक्ताची गुठळी कधी धरायची आणि ती रोखणारं एनॉक्सापॅरिन कसं मोजायचं?

बाल_वॉर्ड_निवासी

एक चित्र समोर ठेवून विचारतो. वय ८, वजन २४ किलो, निदान एएलएल (रक्ताचा कर्करोग, ल्युकेमियाचा एक प्रकार), इंडक्शनचा म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्याचा तिसरा आठवडा. स्टेरॉइड चालू, ॲस्पॅराजिनेज (केमोचं औषध) देऊन झालेलं, उजव्या दंडात पिक लाइन (हाताच्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली नळी, सेंट्रल लाइनचा एक प्रकार). ताप आला, श्वास मिनिटाला ३८, नाडी १४०, ऑक्सिजन ९१ टक्के. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी छोटा डाग, म्हणून न्यूमोनिया धरून अँटिबायोटिक सुरू केलं. ४८ तासांनी ताप गेला, पण श्वास आणि नाडी जिथल्या तिथे. स्टेथोस्कोप लावला तर छाती जवळपास स्वच्छ. लाइनमधून औषध आत जातं, रक्त मात्र मागे येत नाही. प्लेटलेट ६२ हजार.

१) डी-डायमर (गुठळी विरघळताना वाढणाऱ्या द्रव्याची रक्ततपासणी) नॉर्मल आलं तर पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतली गुठळी, बाजूला ठेवता येतं का?
२) आधी डॉपलर (शिरांचं अल्ट्रासाउंड), इको (हृदयाचं अल्ट्रासाउंड) की थेट सीटी?
३) एनॉक्सापॅरिन या वजनाला किती, रक्त कधी तपासायचं? पाच दिवसांनी लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यात सुई घालणं) आहे.
४) औषध किती दिवस?

रक्तविकार_बाल

तुम्ही शेवटी लिहिलेलं वाक्य मी आधी वाचलं असतं: लाइनमधून रक्त मागे येत नाही. मुलांमधल्या गुठळीचा शोध तिथून सुरू करायचा. मोठ्या माणसांत पायाच्या शिरा पाहायची सवय असते. मुलांत सेंट्रल लाइन हे सगळ्यात मोठं एकटं कारण आहे, नवजात बाळांत तर जवळपास प्रत्येक गुठळीमागे लाइन सापडते. आजारही वयाच्या दोन टोकांना जास्त दिसतो, पहिल्या वर्षात आणि मग किशोरवयात. मधल्या वयात गुठळी झाली तर बहुतेक वेळा एखादं ठोस कारण असतंच.

या मुलाकडे तशी कारणं एकावर एक रचलेली आहेत. ॲस्पॅराजिनेजमुळे यकृतात अँटीथ्रॉम्बिन हे गुठळी रोखणारं प्रथिन कमी तयार होतं, म्हणजे रक्ताचा स्वतःचा लगाम सैल होतो. स्टेरॉइड त्यात भर घालतं. ल्युकेमिया मूळचाच गुठळीला पोषक, आणि शिरेत प्लॅस्टिकची नळी. प्लेटलेट कमी आहेत म्हणून गुठळी होणार नाही, हा समज मनातून काढून टाका. कमी प्लेटलेट रक्तस्रावाची भीती वाढवतात, गुठळीपासून संरक्षण देत नाहीत.

डी-डायमरबद्दल स्पष्ट सांगतो: नॉर्मल आलं तरी या मुलात त्यावर निर्णय घेऊ नका. वेल्स स्कोअर, पर्क नियम (दोन्ही लक्षणांवरून गुठळीची शक्यता जोखणारे) आणि डी-डायमर ही त्रयी मोठ्यांसाठी तपासून घेतलेली आहे, मुलांत ती भरवशाने चालत नाही. वाढलेलं आलं तरी हाती काही लागत नाही, कारण ल्युकेमिया आणि संसर्ग दोन्ही ते वाढवतात. दोन्ही बाजूंनी निरुपयोगी ठरणारी तपासणी कशाला पाठवायची?

संशय घ्यायला लावणारी जोडी अशी: ऑक्सिजन कमी, पण छाती त्या मानाने स्वच्छ, ताप उतरला, पण नाडी उतरली नाही. मोठं मूल श्वास घेताना एका बाजूला टोचतं असं सांगेल, लहान मूल फक्त वरवरचा श्वास घेईल आणि कुशीवर वळू देणार नाही. खोकल्यातून रक्त किंवा चक्कर येऊन पडणं असेल तर थांबूच नका. आणि तो तळाचा डाग? फुप्फुसाचा तुकडा रक्ताअभावी मेला तरी एक्स-रेत तसाच दिसतो, सोबत थोडा तापही येतो. न्यूमोनिया आणि गुठळी एकाच वेळी असू शकतात हेही ध्यानात असू द्या.

लाइनच्या बाजूचा दंड, मान, चेहरा पाहा. दोन्ही दंडांचा घेर कोपरापासून सारख्याच अंतरावर टेपने मोजा. छातीच्या कातडीवर निळ्या शिरांचं जाळं नव्याने उमटलं असेल तर आतली मोठी शीर बंद होऊन रक्ताने पर्यायी वाट काढलेली असते. आणि ॲस्पॅराजिनेजवरच्या मुलाचं डोकं दुखत असेल, उलट्या होत असतील, तर मेंदूतल्या सायनसमधली, म्हणजे तिथल्या मोठ्या शिरांमधली, गुठळीही त्याच यादीत येते. तिथे एमआर व्हेनोग्राम (शिरांचा एमआरआय) लागेल.

छातीचा_सीटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मूल स्थिर असेल तर थेट सीटी पल्मनरी अँजिओग्राम (शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं द्रव्य, देऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी). इको खाटेपाशी करून घ्याच, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं: उजव्या वेंट्रिकलवर (हृदयाच्या खालच्या कप्प्यावर) ताण आहे का, उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) लाइनच्या टोकाला गुठळी लोंबते आहे का. इको नॉर्मल आलं म्हणून फुप्फुसाच्या फांद्यांमधली गुठळी नाकारता येत नाही.

डॉपलर मानेच्या शिरेला उत्तम, कारण तिथे प्रोब दाबून शीर मिटते का हे पाहता येतं. गळपट्टीच्या हाडामागे सबक्लेव्हियन शीर आणि छातीच्या आत सुपीरियर व्हेना कॅव्हा (वरच्या अंगाचं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर), इथे दाबायला जागाच नाही. ॲस्पॅराजिनेज घेणाऱ्या एएलएलच्या मुलांवरच्या पार्का अभ्यासात नेमकं हेच दिसलं: अल्ट्रासाउंडने मानेतल्या गुठळ्या पकडल्या आणि छातीतल्या सोडल्या, व्हेनोग्राफीचं (शिरेत कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या एक्स-रेचं) बरोबर उलटं झालं. त्यामुळे वरच्या अंगाचं डॉपलर नॉर्मल असा रिपोर्ट आला तर कोणत्या शिरा प्रत्यक्ष दिसल्या हे विचारा.

सीटीला पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी कळवा. पहिली, लाइन कोणत्या बाजूला आहे. त्या बाजूची शीर बंद असेल तर तिथून दिलेलं कॉन्ट्रास्ट फुप्फुसापर्यंत वेळेवर पोचणार नाही, म्हणून दुसऱ्या हाताला २२ गेजची कॅन्युला घालून ठेवा. दुसरी, पिक लाइन दाबाने कॉन्ट्रास्ट द्यायला योग्य आहे का. तसं तिच्यावर लिहिलेलं नसेल तर ती इंजेक्टरला जोडायची नाही, फुटते. तिसरी, ग्लेन किंवा फॉन्टन ही जन्मजात हृदयदोषावरची शस्त्रक्रिया झालेली असेल तर ते ठळक लिहा. त्या मुलांत हाताच्या शिरेतलं कॉन्ट्रास्ट एका फुप्फुसात जास्त आणि दुसऱ्यात कमी जातं. न मिसळलेलं रक्त गुठळीसारखं दिसतं आणि नसलेल्या आजाराचं निदान होतं.

कॉन्ट्रास्ट देता येत नसेल आणि एक्स-रे बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा). या मुलाच्या तळाशी डाग आहे, त्यामुळे तो वाचताना अडचण येईल.

रक्तविकार_बाल

वरच्याला एक जोड. डॉपलरमध्ये मानेत किंवा काखेत गुठळी दिसली, मूल धापत आहे आणि सीटीला काही तास लागणार आहेत, तर उपचार सीटीसाठी अडवू नका. औषध तेच आहे.

डोस_आणि_सुई

तिसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

उपचाराचा डोस: दोन महिन्यांपेक्षा मोठ्या मुलाला किलोमागे १ मिग्रॅ, दर १२ तासांनी, कातडीखाली. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला किलोमागे १.५ मिग्रॅ, दर १२ तासांनी. बाळाला जास्त का, तर त्याच्या शरीरात औषध जास्त पसरतं, बाहेरही लवकर पडतं, आणि अँटीथ्रॉम्बिन मोठ्यांच्या साधारण निम्मंच असतं. प्रतिबंधाचा डोस याच्या निम्मा. फाइलवर नुसतं ‘एनॉक्सापॅरिन चालू’ न लिहिता उपचार की प्रतिबंध हे लिहा. ड्युटीची पाळी बदलली की इथेच घोटाळा होतो.

तुमच्या मुलाला २४ मिग्रॅ दर १२ तासांनी. द्रावण १०० मिग्रॅ प्रति मिली असतं, म्हणजे ०.२४ मिली. आता खरा धोका: ४० मिग्रॅच्या भरलेल्या सिरिंजवर बहुधा मोजमापाच्या खुणा नसतात. अंदाजाने अर्ध्याहून थोडं जास्त असं द्यायचं नाही. खुणा असलेली ६० मिग्रॅची सिरिंज घ्या, किंवा औषध १ मिलीच्या सिरिंजमध्ये काढून मोजा. पूर्ण भरलेली सिरिंज देताना आतला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो. पण अर्धवट डोस देताना आधी सुई वर धरून हवा काढायची, मग नको असलेलं औषध काढून टाकायचं, मग टोचायचं. हा क्रम उलटा झाला की बुडबुड्याएवढं औषध कमी जातं.

इन्सुलिन सिरिंजने मोजायची सवय अनेक वॉर्डांत आहे. यू-१०० सिरिंजवर १०० खुणा म्हणजे १ मिली, म्हणून एक खूण म्हणजे बरोबर १ मिग्रॅ, हिशेब सोपा. यू-४० सिरिंजवर मात्र ४० खुणा म्हणजे १ मिली, तिथे एक खूण २.५ मिग्रॅची. एक महिन्याचं ४ किलोचं बाळ घ्या: डोस ६ मिग्रॅ, म्हणजे ०.०६ मिली. हातात यू-४० आली आणि सहा खुणा भरल्या तर ०.१५ मिली, म्हणजे १५ मिग्रॅ गेलं. अडीचपट! टोपणाच्या रंगावर विसंबू नका, सिरिंजच्या अंगावरचा आकडा वाचा. वॉर्डात या औषधासाठी यू-४० ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे.

लहान बाळांसाठी औषध पातळ करून २० मिग्रॅ प्रति मिली करतात: १०० मिग्रॅच्या द्रावणाचा १ भाग, ४ भाग सलाइन. मग ६ मिग्रॅ म्हणजे ०.३ मिली, हे हाताला आणि डोळ्याला दोघांनाही झेपतं. हे शक्यतो फार्मसीत करून घ्या आणि लेबलवर मिग्रॅ व मिली दोन्ही लिहा. एकाच वॉर्डात दोन ताकदींची औषधं शेजारी ठेवली तर पाचपट चूक व्हायला एक अंधारी रात्र पुरते.

टोचताना: मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पोटावर बेंबीपासून दूर, कातडीची घडी चिमटीत धरून, सुई पूर्ण आत जाईपर्यंत आणि औषध संपेपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं. जागा रोज बदला. दिवसाला दोन सुया तीन महिने हे मुलासाठी फार होतं. कातडीखाली ठेवायची मऊ नळी मिळत असेल तर ती सात दिवसांपर्यंत ठेवता येते, फक्त नळीत अडकून राहणारं औषध पहिल्या डोसला हिशेबात धरा.

तपासणी अँटी-टेन-ए (रक्तातला एनॉक्सापॅरिनचा परिणाम मोजणारी), एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोसनंतर ४ ते ६ तासांनी रक्त घ्यायचं, लक्ष्य ०.५ ते १.०. डोस प्रत्यक्ष किती वाजता टोचला ती वेळ नळीवर लिहा. चार्टवर छापलेली वेळ चालत नाही.

बाल_वॉर्ड_निवासी

सीटी झालं. उजव्या खालच्या लोबच्या दोन फांद्यांत गुठळी, सुपीरियर व्हेना कॅव्हात लाइनभोवतीही आहे. रक्तदाब ठीक, इकोत उजवं वेंट्रिकल नॉर्मल. २४ मिग्रॅ सुरू केलं, तिसऱ्या डोसनंतरचं अँटी-टेन-ए ०.३१. डोस वाढवू की नमुना पुन्हा पाठवू? लाइन लगेच काढावी का? आणि पंक्चरचं काय?

रक्तविकार_बाल

आधी नमुन्याची चौकशी, पाच मिनिटांचं काम आहे. सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) नळी खुणेपर्यंत भरली होती का? रक्त हेमोलाइज झालं होतं का, म्हणजे लाल पेशी फुटल्या होत्या का, बिलिरुबिन (कावीळीचं रंगद्रव्य) खूप आहे का? या सगळ्यांनी आकडा खोटा कमी येतो. नळी बराच वेळ तशीच पडून राहिली तर प्लेटलेटमधून सुटणारं द्रव्य हेपॅरिनला (एनॉक्सापॅरिन त्याच जातीचं) बांधून टाकतं आणि आकडा घसरतो, म्हणून तासाभरात प्लाझ्मा वेगळा व्हावा. उलट हेपॅरिनने धुतलेल्या लाइनमधून घेतलं तर खोटा जास्त येतो. वेगळ्या शिरेत सुई टोचूनच घ्या.

नमुना चांगला असेल तर नेहमीचा तक्ता असा: ०.३५ च्या खाली असेल तर डोस २५ टक्के वाढवा. ०.३५ ते ०.४९ असेल तर १० टक्के. ०.५ ते १.० तसाच ठेवा. १.१ ते १.५ असेल तर २० टक्के कमी. १.६ ते २.० असेल तर पुढचा डोस ३ तास उशिरा आणि ३० टक्के कमी. २ च्या वर असेल तर आकडा ०.५ पर्यंत उतरेपर्यंत थांबा आणि मग ४० टक्के कमी करा. तुमच्या मुलाला ३० मिग्रॅ, आणि बदललेल्या डोसनंतर ४ तासांनी पुन्हा तपासणी.

दोनदा वाढवूनही आकडा हलत नसेल तर अँटीथ्रॉम्बिन मोजा. एनॉक्सापॅरिन स्वतः काही करत नाही, ते अँटीथ्रॉम्बिनला हाताशी धरून काम करतं. ॲस्पॅराजिनेजने तेच खाली आणलेलं असतं. अशा वेळी डोस फुगवत नेला आणि पुढे अँटीथ्रॉम्बिन आपोआप सावरलं, तर त्याच डोसला रक्तस्राव होतो. ॲस्पॅराजिनेजचा परिणाम ओसरण्याच्या काळात तपासणी जवळजवळ घ्या, ती इथे सगळ्यात जास्त चुकते.

लाइन: काम देत नसेल किंवा गरज संपली असेल तर काढायची, पण औषधाचे काही दिवस, साधारण तीन ते पाच, पूर्ण झाल्यावर. ओढताना भोवतीची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून. हृदयात उजवीकडून डावीकडे वाट असेल तर तो तुकडा मेंदूत जाऊ शकतो, तिथे हा नियम आणखी कडक. लाइन चालू आहे आणि हवीच आहे, तर गुठळीवर औषध देत ती ठेवता येते. तुमची अर्धवट चालते आहे आणि केमो पुढे आहे, तेव्हा तिच्या टोकाची जागा एक्स-रेत पाहा आणि दुसऱ्या बाजूची सोय झाल्यावर काढा.

पंक्चर: आधी २४ तास एनॉक्सापॅरिन बंद, म्हणजे दोन डोस चुकवायचे. सुई सहज गेली, रक्त आलं नाही, तर १२ तासांनी पुन्हा सुरू. मूल डळमळीत असेल किंवा दोन दिवसांत शस्त्रक्रिया असेल तर शिरेतलं साधं हेपॅरिन बरं, बंद केलं की काही तासांत उतरतं. एक वर्षावरच्या मुलाला ताशी किलोमागे २० युनिट, वर्षाखालच्याला २८. सुरुवातीचा ७५ युनिट प्रति किलोचा बोलस (एकदम द्यायचा डोस) रक्तस्रावाची भीती असेल तर गाळा.

प्लेटलेट: ताज्या गुठळीत पूर्ण डोस द्यायचा तर ५० हजारांवर राखा, लागल्यास चढवून. २५ ते ५० हजारांत डोस निम्मा करण्याचा प्रघात आहे, २५ च्या खाली थांबवतात. स्नायूत इंजेक्शन नको, आयबुप्रोफेन नको.

आयसीयू_रात्रपाळी

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मुलाचा रक्तदाब पडलेला असेल तर हिशेब वेगळा आहे. सलाइनचे मोठे बोलस देऊ नका. फुगलेलं उजवं वेंट्रिकल आणखी ताणलं जातं आणि डावं दाबलं जातं. किलोमागे ५ मिली देऊन प्रतिसाद पाहा, नॉरॲड्रेनालिन किंवा ॲड्रेनालिन लवकर सुरू करा. घाईने श्वासनळीत नळी घालू नका. भूल आणि दाबाचा श्वास एकत्र आले की अशा मुलाचं हृदय थांबू शकतं. घालावीच लागली तर ॲड्रेनालिन हातात तयार, अनुभवी माणूस डोक्याशी, आणि एक्मोची (हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्राची) सोय असेल तर त्यांना आधी फोन.

रक्ताभिसरण कोसळलेल्या पल्मनरी एम्बोलिझममध्ये गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज द्यायचं. किलोमागे ताशी ०.५ मिग्रॅ, ६ तास, ही शिरेतून देण्याची नेहमीची रीत. दरम्यान फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर आणि प्लेटलेट ५० हजारांच्या वर ठेवा. नवजात बाळाला आधी प्लाझ्मा द्या, कारण त्याच्याकडे प्लाझ्मिनोजेनच (ज्यापासून गुठळी विरघळवणारं द्रव्य बनतं ते) कमी असतं आणि औषधाला काम करायला कच्चा माल मिळत नाही. रक्तदाब स्थिर आहे आणि फक्त इकोत ताण आहे, अशा मुलाला नुसतं हेपॅरिन आणि कडक नजर. मूळ प्रश्नातल्या मुलाला अल्टेप्लेजची गरज नाही.

रक्तविकार_बाल

चौथा प्रश्न राहिला होता. कारण स्पष्ट आणि तात्पुरतं असेल तर तीन महिने ही जुनी मर्यादा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किड्स-डॉट चाचणीत अशा निवडक मुलांत सहा आठवडे तीन महिन्यांपेक्षा कमी पडले नाहीत. पण सहा आठवड्यांनीही शीर पूर्ण बंद असलेली आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (गुठळीकडे कल वाढवणाऱ्या) टिकून राहिलेली मुलं त्यात नव्हती, म्हणून थांबवण्याआधी पुन्हा चित्र काढा. कारणच सापडलं नाही तर ६ ते १२ महिने. तुमच्या मुलात ॲस्पॅराजिनेज आणि लाइन दोन्ही पुढे चालू राहणार, म्हणजे कारण संपलेलंच नाही. तिथे कॅलेंडरवर नव्हे, या दोन गोष्टींवर औषध बांधा.

थ्रॉम्बोफिलियाच्या, म्हणजे गुठळीच्या जन्मजात प्रवृत्तीच्या, तपासण्या आत्ता पाठवू नका. ताज्या गुठळीत आणि हेपॅरिनवर अँटीथ्रॉम्बिन कमी दिसतं, वॉरफरिनच्या गोळीवर प्रोटीन सी आणि एस (गुठळी रोखणारी प्रथिनं) कमी दिसतात, आणि मुलावर जन्मभराचा चुकीचा शिक्का बसतो. अपवाद नवजात बाळाचा: अंगावर काळेनिळे पसरत जाणारे चट्टे आले तर प्रोटीन सीची तपासणी त्याच क्षणी.

किशोरवयीन मुलींबद्दल एक वाक्य: गुठळीचा धोका वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या (गर्भनिरोधक) गोळ्यांची विचारणा आईवडिलांना बाहेर बसवून, एकटीला करा. समोर विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं.

डोस_आणि_सुई

सुया नकोत म्हणून तोंडाने घ्यायच्या रिव्हरोक्साबॅनचं नेहमी विचारलं जातं, तेव्हा त्याचंही लिहिते. मुलांत ते चालतं, सुरुवातीचे किमान ५ दिवस हेपॅरिन किंवा एनॉक्सापॅरिन झाल्यावर. पातळ औषध १ मिग्रॅ प्रति मिली. १२ ते ३० किलोच्या आत ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, म्हणजे २४ किलोला हेच. ३० ते ५० किलोच्या आत १५ मिग्रॅ एकदा, ५० आणि वर २० मिग्रॅ एकदा. १२ किलोच्या खाली दिवसातून तीनदा, आणि डोस वजनाच्या बारीक पायऱ्यांनी बदलतो, तो तक्त्यातूनच घ्या.

खाण्यासोबत किंवा दुधासोबतच द्यायचं, नाहीतर नीट शोषलं जात नाही. नाकातली नळी पोटात असेल तर चालतं, आतड्यात पुढे गेली असेल तर शोषण घटतं. दिल्यावर ३० मिनिटांच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्या, नंतर झाली तर नाही. तीनदाच्या वेळापत्रकातला डोस चुकला तर तो सोडून पुढचा वेळेवर द्या. दोनदाच्या वेळापत्रकात सकाळचा चुकला तर आठवताच द्या, संध्याकाळच्या सोबतही चालतो. संध्याकाळचा चुकला तर त्याच संध्याकाळी.

ल्युकेमियाच्या मुलात अडतं ते बुरशीच्या औषधांशी. पोसाकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल रिव्हरोक्साबॅनची पातळी वर नेतात. फेनिटॉइन आणि रिफाम्पिसिन ती खाली आणतात. आणि पंक्चर वारंवार होणार असेल तर इंडक्शन संपेपर्यंत एनॉक्सापॅरिनच हाताळायला सोपं.

बाल_वॉर्ड_निवासी

नळी अर्धीच भरली होती, नमुना पुन्हा घेतला: ०.४२. तक्त्याप्रमाणे १० टक्के वाढवून २६ मिग्रॅ केलं. अँटीथ्रॉम्बिन पाठवलं आहे. वॉर्डातल्या यू-४० सिरिंज वेगळ्या कपाटात हलवल्या.

डोस_आणि_सुई

२६ मिग्रॅ म्हणजे ०.२६ मिली, फाइलवर दोन्ही आकडे लिहा. पुढचं रक्त नव्या डोसनंतर ४ तासांनी. दर आठवड्याला वजनही घ्या. स्टेरॉइडवर ते भराभर वाढतं, आणि डोस मागच्या महिन्याच्या वजनावर अडकून राहतो.